ठरलेलं उत्तर नसलेलं प्रॅक्टिकल: मातीतल्या जिवाणूंसोबत एक सत्र

मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाचं, पाचव्या सत्राचं २ क्रेडिटचं एक प्रॅक्टिकल यंदा (२०२५-२६) आमच्या विभागाने मुळापासून बदललं. आधी त्यात दहा-बारा सुटे प्रयोग होते. प्रत्येकाचं उत्तर शिक्षकांना, मुलांना आणि मागच्या बॅचच्या जर्नलला आधीच ठाऊक असायचं. आता सत्रभर एकच प्रश्न ठेवला: आपल्या तालुक्यातल्या मातीत, शेजारच्या जिवाणूंना वाढू न देणारे जिवाणू कोणते आहेत? याचं उत्तर विभागात कुणालाच माहीत नव्हतं. स्वायत्त महाविद्यालय, २० मुलांची बॅच, एक ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), एक बीओडी इनक्युबेटर (ठरावीक तापमान राखणारं कपाट), एक जुनं पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) एवढ्या भांडवलावर हे बसवता येतं. मात्र कागदपत्रं, वेळापत्रक आणि खरेदी यांची तयारी सात-आठ महिने आधी सुरू करावी लागते. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहीत आहोत.

कल्पना आमची नाही. पदवीच्या मुलांनी मातीतून प्रतिजैविकं बनवणारे जिवाणू शोधायचे, असा अभ्यासक्रम जो हँडल्समन यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात सुरू केला. २०१८ पासून तो विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातून ‘टायनी अर्थ’ या नावाने चालतो. त्याहून जुना म्हणजे २००८ पासून चालणारा, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून जिवाणूभक्षक विषाणू शोधून घेणारा उपक्रम. त्यामागे हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपचारात, औषधांना दाद न देणाऱ्या मायकोबॅक्टेरियाच्या संसर्गावर लंडनमध्ये एका मुलीला तीन विषाणूंचं मिश्रण दिलं गेलं. त्यातला ‘मडी’ हा विषाणू डर्बनमधल्या एका कुजक्या वांग्यातून विद्यार्थ्यांच्याच कामात सापडला होता. ‘मुलांच्या कामातून निघून निघून काय निघणार’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांपुढे आम्ही हे उदाहरण ठेवायचो. ज्यांना घरचं उदाहरण हवं असेल त्यांच्यासाठी पिंपरी आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीरोधक शोधलं, ते तिथल्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून. त्या जिवाणूच्या नावातच पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

डिसेंबर ते मार्च: अभ्यास मंडळ, वेळापत्रक, खरेदी

नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत प्रॅक्टिकलच्या १ क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे आमच्या हातात ६० तास होते. डिसेंबर २०२४ मध्ये अभ्यास मंडळापुढे प्रस्ताव नेला. तिथे एक गोष्ट सांभाळावी लागते: अभ्यासक्रमाच्या मसुद्यात ठिकाण, पीक किंवा जिवाणूचं नाव लिहू नका, पद्धती लिहा. ‘नमुना संकलन, विलगीकरण, प्रतिजैविक क्षमतेची चाचणी, पुनर्चाचणी, रेणवीय ओळख’ एवढं लिहिलं की पुढच्या वर्षी प्रश्न बदलला तरी मंडळाकडे परत जावं लागत नाही. ‘पुनर्चाचणी’ हा शब्द मसुद्यात असलाच पाहिजे, आणि त्याच्यासमोर १२ तास लिहिलेले असले पाहिजेत. नसले तर सत्राच्या शेवटी सगळ्यात आधी कात्री लागते ती त्यालाच.

मंडळात सगळ्यात जास्त चर्चा गुणांवर झाली. वीस मुलांचे वीस वेगळे निकाल, मग एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, गुण देणार कशावर? त्यातून ५० गुणांची विभागणी अशी ठरली: अंतर्गत २० पैकी १० नोंदवहीला, १० दर पंधरवड्याच्या गटचर्चेला. सत्रान्ती ३० पैकी १२ अहवालाला, १२ तोंडी परीक्षेला आणि ६ जागेवर करून दाखवायच्या एका कौशल्याला. ‘झोन मिळाला’ याला, म्हणजे जिवाणूभोवती दुसऱ्याची वाढ थांबलेली मोकळी जागा दिसली याला, शून्य गुण. हे मुलांना पहिल्याच दिवशी लेखी दिलं. निकालाला गुण लावले की निकाल ‘येतात’, हे प्रत्येक अनुभवी शिक्षकाला माहीत असतं, बोलत कुणी नाही.

वेळापत्रकासाठी वेगळा अर्ज करावा लागला. आठवड्यातून एकदा सलग चार तासांचं प्रॅक्टिकल जिवाणूंना मानवत नाही. सोमवारी लावलेल्या प्लेट (जिवाणू वाढवायच्या बशा) बुधवारी-गुरुवारी बघाव्या लागतात. पुढच्या सोमवारपर्यंत वेगाने वाढणाऱ्या कॉलनी, म्हणजे जिवाणूंचे पुंजके, सगळी प्लेट गिळून बसतात. म्हणून सोमवार आणि गुरुवार, दोन-दोन तास. त्याशिवाय शनिवारी सकाळी अर्धा तास प्लेट बघायला प्रयोगशाळा उघडी हवी, आणि त्यासाठी प्रयोगशाळा परिचरांच्या बदली सुट्टीची लेखी व्यवस्था हवी. ही व्यवस्था प्राचार्यांच्या सहीने जानेवारीतच करून घ्या. ऑगस्टमध्ये तोंडी विनंत्यांवर ती टिकत नाही.

आणखी एक कागदी मुद्दा लोक सहसा शेवटी विचारतात: ‘टायनी अर्थ’सारख्या परदेशी उपक्रमात सामील होऊन आपले जिवाणू तिकडे पाठवता येतील का? जैविक विविधता कायदा, २००२ नुसार भारतातली जैविक संसाधनं परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला संशोधनासाठी मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पदवीच्या एका सत्रात ते बसणारं नाही. आम्ही पद्धती मोकळेपणाने घेतल्या आणि जिवाणू महाविद्यालयातच ठेवले.

खरेदीचं गणित एकदा नीट मांडलं की सोपं आहे. दोघांची एक जोडी, अशा दहा जोड्या. एका जोडीला सत्रभरात साधारण ६० प्लेट लागतात, म्हणजे बॅचला ६००. प्लेटमागे २० मिलिलिटर धरलं तर १२ लिटर मीडिया, म्हणजे जिवाणूंचं खाद्य. आम्ही ट्रिप्टिक सोया अगर दहाव्या हिश्श्याच्या तीव्रतेने वापरला, कारण मातीतल्या बऱ्याच जिवाणूंना भरपेट मीडिया सोसत नाही, आणि ज्यांना सोसतो ते बाकीच्यांना दाबून टाकतात. पूर्ण तीव्रतेला लिटरमागे ४० ग्रॅम पावडर लागते, इथे ४ ग्रॅम. पण त्या ४० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम अगर असतो आणि ४ ग्रॅममध्ये फक्त दीड. म्हणून लिटरमागे १३.५ ग्रॅम अगर वरून घालायचा. हे विसरलं की प्लेट थिजतच नाहीत. १२ लिटरला पावडर ४८ ग्रॅम आणि सुटा अगर १६२ ग्रॅम, म्हणजे पैसे जातात ते अगरमध्ये. कोटेशन मागवताना हे लक्षात ठेवा.

सगळं धरून, म्हणजे प्लेट, मीडिया, कल्चर, द्रावकं, प्रायमर, पॉलिमरेज आणि दहा जिवाणूंचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचून घेणं), आमचा खर्च ४० हजारांच्या आत बसला. त्यातले जवळपास बारा हजार सिक्वेन्सिंगचे. मुलांकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, ३१ मार्चच्या आत बिल, हे नेहमीचंच. फक्त पॉलिमरेज एन्झाइम मार्चमध्ये मागवू नका. वर्ष संपतं म्हणून घाईने मागवलेलं एन्झाइम ऑक्टोबरपर्यंत, लाइट जात-येत असलेल्या फ्रीजरमध्ये, पडून राहतं. दरकरार मार्चमध्ये करा, माल सप्टेंबरात घ्या, आणि पुरवठादाराला लिहून द्या की बर्फातलं पार्सल सोमवार ते बुधवारच पाठवायचं. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात काढतं.

एप्रिल-मे: रंगीत तालीम

ज्यांच्याविरुद्ध चाचणी घ्यायची ते जिवाणू निवडताना मोह आवरावा लागतो. ‘खऱ्या’ रोगजंतूंवर चाचणी घेतली तर अहवाल भारदस्त दिसतो, पण पदवीच्या प्रयोगशाळेत त्याची गरज नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसऐवजी स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, स्यूडोमोनास एरुजिनोसाऐवजी स्यूडोमोनास पुटिडा, शिवाय बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलायचा निरुपद्रवी प्रयोगशाळेतला वाण. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाकडून, म्हणजे एनसीआयएमकडून, अशी कल्चर मागवता येतात. त्यासाठी मागणी अर्ज आणि आगाऊ शुल्क लागतं. महाविद्यालयाच्या लेखा विभागातून आगाऊ पैसे निघायला जो वेळ लागतो तो धरूनच अर्ज करा. आमच्याकडे कल्चरपेक्षा धनादेशाला जास्त दिवस लागले.

मे महिन्यात मुलांशिवाय एकदा सगळं करून पाहणं फार उपयोगी पडतं. आमच्याकडच्या काळ्या मातीची खोड तेव्हाच कळली. १ ग्रॅम माती ९ मिलिलिटर पाण्यात हलवली की ती गोळे धरते, चिकणमातीचे कण जिवाणूंना कवटाळून तळाला बसतात आणि वरच्या पाण्यातून आलेली मोजणी खूप कमी येते. उपाय: १० ग्रॅम माती, ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन, त्यात दहा-पंधरा काचेचे मणी, दहा मिनिटं जोरात हलवायचं, आणि गाळ बसायच्या आत पुढचं विरलन करायचं, म्हणजे ते आणखी पातळ करायचं. अशा तयारीतून आम्हाला मोजता येण्याजोग्या, म्हणजे ३० ते ३०० कॉलनी १:१०,००० आणि १:१,००,००० या विरलनांना मिळाल्या. मुलांना तीन विरलनं लावायला दिली, म्हणजे एक तरी प्लेट कामाची निघते.

जुलै: माती

पावसाळ्यात माती आणणं सोयीचं आणि गैरसोयीचंही. ओलाव्यामुळे जिवाणू भरपूर, पण बुरशीही तेवढीच. प्रत्येक जोडीने एक जागा निवडली: तुरीच्या मुळांलगत, उसाच्या सरीत, बांधावर, उकिरड्याशेजारी, देवराईत. शेतमालकाची परवानगी एका साध्या छापील कागदावर घेतली. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर बाजूला करून ५ ते १० सेंटिमीटर खोलीची माती, स्पिरिटने पुसलेल्या चमच्याने, नव्या झिप पिशवीत. सोबत नोंद: तारीख, अक्षांश-रेखांश, पीक, शेवटचं खत कधी आणि कोणतं, शेवटचा पाऊस, मातीचा पीएच. खताची नोंद मुलं हमखास टाळतात, कारण शेतकऱ्याशी बोलावं लागतं. पण तीच पुढे सगळ्यात जास्त कामी येते. नमुना फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांच्या आत प्लेटवर गेला पाहिजे.

निम्मा नमुना तसाच लावला. उरलेला कागदावर पसरून सुकवला आणि ५५-६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला. अशा उष्णतेत वेगाने वाढणारे बरेच जिवाणू मरतात आणि स्ट्रेप्टोमायसिससारख्यांचे बीजाणू तग धरतात. बॅसिलसचे बीजाणूही तग धरतात, त्याला इलाज नाही. उष्ण नमुन्यासाठी स्टार्च केसीन अगर वापरला. बुरशी रोखायला सायक्लोहेक्झिमाइड चालतं, पण ते विषारी आहे. मुलांच्या हाती त्याऐवजी निस्टॅटिन द्यावं, आणि तेही मीडिया ५० अंशांपर्यंत निवल्यावर घालावं.

सुरक्षेचे नियम थोडे पण कडक ठेवले. अनोळखी जिवाणू आहेत, म्हणून इनक्युबेशन २८ ते ३० अंशांनाच, ३७ ला नाही. शरीराच्या तापमानाला खुशीत वाढणारे वेचून काढायचं कारणच नाही. प्लेटचा वास घ्यायचा नाही. स्ट्रेप्टोमायसिसला पहिल्या पावसाचा मृद्गंध असतो हे पुस्तकात वाचलेलं असतं, त्यामुळे झाकण उघडून नाक खाली नेण्याचा मोह प्रत्येक बॅचला होतो. वापरलेली प्रत्येक प्लेट १२१ अंशांना, १५ पाउंड दाबाला, निदान ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय जैववैद्यकीय कचऱ्यात जात नाही. ६०० प्लेट आणि एक छोटा ऑटोक्लेव्ह म्हणजे कचऱ्याचंही वेळापत्रक लागतं, हे आधी कुणाच्या डोक्यात येत नाही.

ऑगस्ट: वेचणी, आणि मध्येच गणपती

दुसऱ्या दिवशी प्लेट भरलेल्या दिसतात आणि मुलांना लगेच कॉलनी उचलायच्या असतात. तेव्हा उचललेल्या कॉलनी बहुतेक मोठ्या, चपट्या, कडा फाटलेल्या बॅसिलसच्या असतात. म्हणून नियम केला: जोडीने २४ कॉलनी उचलायच्या, त्यातल्या निदान निम्म्या चौथ्या दिवसानंतर दिसलेल्या, लहान, कोरड्या, खडूसारख्या किंवा अगरला घट्ट चिकटलेल्या. अशा कॉलनी लूपने (तारेच्या कडीने) निघत नाहीत, निर्जंतुक टूथपिकने खरवडाव्या लागतात.

नाव कॉलनीला नाही, सांकेतिक क्रमांक: नमुना, मीडिया, कॉलनी. आणि तो प्लेटच्या तळावर लिहायचा, झाकणावर नाही. एका टेबलावर दोन जोड्या बसल्या की झाकणांची अदलाबदल ठरलेलीच. नोंदवही बांधीव, पानांवर आधीच छापलेले क्रमांक, पेन्सिल नाही, खाडाखोड एका आडव्या रेघेने आणि बाजूला सही. सुबक जर्नल लिहिण्याची दोन वर्षांची सवय मोडायला दोन आठवडे गेले. घरी जाऊन ‘फेअर’ करायची म्हणून काही जणांनी आकडे हातावर, रुमालावर लिहिले. शेवटी नोंदवह्या प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवायला लागलो.

यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. सुट्टीच्या आधीच्या सोमवारचं काम एकच ठेवलं: साठा. जिवाणूची दाट वाढ अर्धा मिलिलिटर, त्यात ४० टक्के ग्लिसरॉल अर्धा मिलिलिटर, म्हणजे शेवटी २० टक्के. प्रत्येक जिवाणूच्या दोन कुप्या, दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर यासाठी वापरू नका. त्याचं तापमान रोज वरखाली होतं आणि कुप्या हळूहळू मरतात. मास्टर प्लेट पॅराफिल्म गुंडाळून, उलट्या, फ्रिजमध्ये. हे न करता सुट्टीवर गेलेल्या प्लेट परत येईपर्यंत सुकून कागद होतात, किंवा बुरशीच्या होतात.

सप्टेंबर: चाचणी, आणि तीच चाचणी पुन्हा

सत्रातलं खरं शिक्षण या महिन्यात झालं, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

पुस्तकी पद्धत अशी: चाचणीच्या जिवाणूचा लॉन, म्हणजे प्लेटभर सलग थर, पसरा आणि त्यावर मातीतल्या जिवाणूचे ठिपके द्या. यात अडचण वेगाची आहे. ई. कोलाय एका रात्रीत प्लेट व्यापतो. स्ट्रेप्टोमायसिसला प्रतिजैविक बनवायलाच चार-पाच दिवस लागतात. स्पर्धा सुरू होण्याआधी संपलेली असते, आणि चांगले उमेदवार ‘निगेटिव्ह’ म्हणून बाद होतात. म्हणून उलट केलं. आधी मातीतल्या जिवाणूंचे ठिपके, प्लेटला सहा, तीन ते पाच दिवस वाढू द्यायचे. मग ०.७ टक्के अगरचा पातळ मीडिया ४५ अंशांपर्यंत निववून, त्यात चाचणीचा जिवाणू मिसळून, ४-५ मिलिलिटरचा थर वरून ओतायचा. थर ५५ अंशांना ओतला तर चाचणीचा जिवाणूच मरतो आणि सगळी प्लेट झोन असल्यासारखी स्वच्छ दिसते. ४० च्या खाली गेला तर ओतताना गुठळ्या होतात. जलकुंड आणि त्यात बुडवलेला थर्मामीटर, अंदाजाने नाही.

चाचणीच्या जिवाणूची गढूळता ०.५ मॅकफारलंड या प्रमाण गढूळतेशी जुळवून, मग ती दहापट विरल करून थरात घातली. दाट लॉनमध्ये लहान झोन बुजतात. एका जोडीने दाट आणि दुसरीने विरळ लॉन केला तर त्यांचे झोन एकमेकांशी ताडता येत नाहीत, त्यामुळे ही गढूळता दर वेळी एकाच व्यक्तीने, सगळ्या बॅचसाठी बनवावी.

पहिल्या चाळणीत पुष्कळ झोन दिसले. त्या दिवशी प्रयोगशाळेत दिवाळी लवकर आली होती. गुरुवारी तीच चाचणी, क्रमांक झाकून, ठिपक्यांच्या जागा बदलून, शेजारच्या जोडीकडून करून घेतली. निम्म्याहून जास्त झोन पुन्हा दिसले नाहीत. वर्ग एकदम गप्प झाला. दोन-तीन मुलांनी सरळ विचारलं, ‘मग जर्नलमध्ये कोणतं लिहायचं?’ दोन्ही लिहायचं, आणि फरक का पडला ते शोधायचं. पुढचे दोन आठवडे त्यातच गेले, आणि मसुद्यातल्या त्या १२ तासांचा उपयोग तो हा.

कारणं बरीच निघाली. काही जिवाणू आम्ल सोडतात. त्यांच्याभोवतीची मोकळी जागा पीएच उतरल्याची असते. ते ओळखायला मीडियात ब्रोमोथायमॉल ब्लू घातला, तो पिवळा पडला की शंका घ्यायची. बफर घालूनही तपासता येतं, पण फॉस्फेटचा बफर जपून, कारण जास्त फॉस्फेटने स्ट्रेप्टोमायसिसची प्रतिजैविक बनवण्याची क्रियाच दबते. काही झोन थर ओतताना ठिपका उखडून वाहिल्याचे होते: लांबट, एका बाजूला ओढलेले. काही ठिकाणी झोन नव्हताच, पसरत्या बॅसिलसची पातळ साय होती, आणि ती प्लेट तिरकी धरून उजेडाकडे पाहिल्यावरच दिसते. आणि काही वेळा पहिल्या दिवशीचा ठिपका शुद्ध नव्हता. दोन जिवाणू एकत्र होते, पुढच्या वाढीत त्यातला प्रतिजैविक बनवणारा मागे पडला. म्हणून चाचणीपूर्वी निदान दोनदा रेघाटून शुद्ध करणं आवश्यक. आठवड्याचा वेळ वाचवायला हे गाळलं की नंतर दोन जातात.

प्रत्येक प्लेटवर दोन कंट्रोल ठेवले: ज्ञात प्रतिजैविकाची एक चकती, जिच्याभोवती झोन आलाच पाहिजे, आणि चाचणीच्या जिवाणूचाच एक ठिपका, ज्याच्याभोवती यायला नको. दोनपैकी एक जरी चुकला तरी ती प्लेट मोजायची नाही, तिच्यावर कितीही सुंदर झोन असला तरी. हा नियम मुलांनी आमच्यापेक्षा कडक पाळला. आमचं मत असं की या प्रॅक्टिकलमध्ये पीसीआर नसला तरी चालेल, सिक्वेन्सिंग नसलं तरी चालेल, पण दुसऱ्यांदा करायला वेळ नसेल तर हे करूच नये. तेव्हा ते जुन्याच प्रॅक्टिकलचं महागडं रूप होतं.

ऑक्टोबर: अर्क, पीसीआर, आणि वाट पाहणं

तीनदा टिकलेले जिवाणू प्रत्येक जोडीकडे एखाद-दुसरेच उरले. एका जोडीकडे एकही उरला नाही. त्यांनी बाद झालेल्या एका झोनमागचं कारण शोधण्याचं काम घेतलं, आणि त्यांचा अहवाल वाचनीय झाला.

अर्कासाठी जिवाणू पूर्ण प्लेटभर वाढवून, अगरसकट तुकडे करून, रात्रभर गोठवले. वितळताना अगरमधलं पाणी सुटतं आणि पदार्थ बाहेर येतो. मग इथाइल ॲसिटेट. हे काम काचेच्याच भांड्यात करायचं, कारण इथाइल ॲसिटेट पॉलिस्टायरीनच्या पेट्री प्लेट विरघळवतं आणि अर्कात प्लास्टिक उतरतं. फ्यूमहुडमध्ये, जवळपास बर्नर नसताना, द्रावक उडवून उरलेला अंश मिथेनॉलमध्ये घेतला आणि चकतीवर १० मायक्रोलिटर सोडला. शेजारी नुसत्या मिथेनॉलची चकती. दोन्ही पूर्ण सुकल्यावरच प्लेटवर ठेवायच्या, नाहीतर मिथेनॉलच झोन देतं. बऱ्याच अर्कांनी काहीही दाखवलं नाही. पदार्थ पाण्यात विरघळणारा असेल तर इथाइल ॲसिटेटमध्ये येतच नाही, त्यामुळे ‘अर्क निष्क्रिय’ याचा अर्थ ‘जिवाणू निष्क्रिय’ असा काढायचा नाही.

ओळखीसाठी १६एस जनुक, २७एफ आणि १४९२आर हे नेहमीचे प्रायमर (जनुकाची दोन टोकं पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे), साधारण १,५०० बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, पट्टा. कॉलनी पाण्यात ९५ अंशांना दहा मिनिटं उकळून घेणं बऱ्याच जिवाणूंना पुरतं. स्ट्रेप्टोमायसिसला पुरत नाही, त्याला आधी लायसोझाइम या पेशीभित्तिका फोडणाऱ्या एन्झाइमची प्रक्रिया लागते. पट्टा आला नाही तर डीएनए वाढवू नका, दहापट विरल करून पाहा. बहुतेक वेळा डीएनए असतो, सोबतचा मळ अडवत असतो. आणि नुसत्या पाण्याच्या नळीत पट्टा आला तर त्या दिवसाचं सगळं रद्द. जिवाणूंचा डीएनए पाण्यात, एन्झाइममध्ये, हातमोज्यांवर असतोच.

नमुने सिक्वेन्सिंगला दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबरच्या सुमारास गेले आणि निकाल सुट्टीनंतर आले. हे टाळता आलं तर टाळा, सप्टेंबरअखेर पाठवा. दोन्ही बाजूंनी वाचन घ्या, एका वाचनात भरवशाचे ७०० ते ९०० बेसच मिळतात. सुरुवातीचे आणि शेवटचे गढूळ बेस कापूनच ब्लास्ट, म्हणजे संगणकावरच्या जनुकसंग्रहाशी तुलना, करायचं. बहुतेक बॅसिलस निघाले, काही स्यूडोमोनास, थोडे स्ट्रेप्टोमायसिस. मुलांना पडद्यावर ९९.८ टक्के जुळणी दिसली की प्रजातीचं नाव लिहून मोकळं व्हायचं असतं. पण बॅसिलस सबटिलिसच्या गोतावळ्यातल्या प्रजाती १६एसवरून वेगळ्या करता येत नाहीत, सिरियसच्या गोतावळ्यातल्याही नाहीत. अहवालात ‘बॅसिलस, सबटिलिस गट’ एवढंच. ‘नवं प्रतिजैविक सापडलं’ हे वाक्य कुणाच्याही अहवालात जाऊ दिलं नाही. बॅसिलस सरफॅक्टिन, इट्युरिन यांसारखे पदार्थ बनवतो हे जगाला केव्हाच माहीत आहे. नवीन आहे ती नोंद: या मातीत, या पिकाखाली, हा जिवाणू, या चाचणीत तीनदा टिकला.

परीक्षा

एक्स्टर्नलना परीक्षेच्या आठवडाभर आधी गुणविभागणी, प्रश्नांचा नमुना आणि दोन नोंदवह्यांच्या झेरॉक्स पाठवल्या. हे केलं नाही तर समोरच्याला परीक्षेच्या सकाळीच कळतं की नेहमीचे ‘स्पॉट’ (ओळखायचे नमुने) नाहीत, ‘मेजर-मायनर’ (एक मोठा, एक छोटा ठरलेला प्रयोग) नाही, आणि मग सगळे अवघडतात. तोंडी परीक्षेत सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न असा: ‘तुमच्या वहीतलं, आता तुमचा विश्वास नसलेलं एक निरीक्षण दाखवा, आणि का नाही ते सांगा.’ पाठांतर इथे थांबतं. ज्यांच्याकडे टिकलेला एकही जिवाणू नव्हता त्या जोडीला चांगले गुण मिळाले. त्यावर बॅचमध्ये थोडी कुरबुर झाली, मग शमली.

आता टिकलेल्या जिवाणूंची एक नोंदवही केली आहे: क्रमांक, जागा, शेत, चाचण्यांच्या तारखा, कुणी केल्या, कुप्या कुठे. तिसऱ्या वर्षाची मुलं जाणार, म्हणून ही वही विभागाच्या नावाने आहे, मुलांच्या नव्हे. मुलांची नावं आत आहेत. पुढच्या बॅचचा जूनमधला पहिला गुरुवार या कुप्यांसाठी राखून ठेवला आहे: किती जिवंत आहेत, किती अजून झोन देतात. वारंवार वाढवलेल्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ही क्षमता हरवू शकते, म्हणून दर वेळी मूळ कुपीतूनच सुरुवात करायची, मागच्या प्लेटवरून नाही. आणि सिक्वेन्सिंगचा दरकरार या वर्षी फेब्रुवारीतच पाठवला आहे.